आकाशांतून पिकाची व गाळाची पारख

कुंभारीच्या शिवारांत बांधावर उभें राहून ज्वारी पाहिली, तर जवळच्या पांचदहा ओळींची कळा समजते. मधल्या पट्ट्यांत काय बिघडलें तें ताटें पिवळीं पडेपर्यंत कळत नाहीं. केरळच्या किनारपट्टीवर नारळीच्या बागा रोगानें खंगूं लागल्या तेव्हां हीच अडचण पडली. १९७० च्या सुमारास पी. आर. पिशारोटी ह्यांनीं हेलिकॉप्टरांतून, अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवर त्या बागांचीं छायाचित्रें घेतलीं. आपल्या देशांतील दूरसंवेदनाचा आरंभ तो हाच.

निरोगी पान तांबडा प्रकाश बहुतेक गिळून टाकतें; परंतु आपल्या डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण पुष्कळसे परत फेकतें. पान आजारलें म्हणजे हें परत फेकणें बदलतें. अशा फिल्मवर निरोगी झाड लालभडक उठतें व खंगलेलें फिकें दिसतें. तांबडें पान म्हणजे तांबेरा, असें मानणारे आम्ही शेतकरी प्रथम फसावयाचेच!

पाण्याचा स्वभाव उलट. स्वच्छ पाणी अवरक्त किरण शोषून काळें दिसतें. गढूळ पाणी उजळ. म्हणून खाडीच्या मुखाशीं गाळाचा पट्टा आणि कांठचें कांदळवन हीं वेगळीं ओळखूं येतात. २०१५-१६ सालीं इस्रो व नासा ह्यांनीं मिळून विमानांतून केलेल्या पाहणींत ३८० ते २५१० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश बारीक पट्ट्यांत विभागून टिपला.

समुद्र आपणांपासून दूर आहे, गाळ मात्र दूर नाहीं. १९८० सालीं पुरें झालेलें भीमेवरील उजनी धरण घ्या. पातळी उतरत असतां निरनिराळ्या दिवशीं पाण्याचा पसारा चित्रावरून मोजावा. त्याच पातळीस तो पूर्वीपेक्षां कमी भरला, तर तेवढी जागा गाळानें घेतली. हें काम आतां उपग्रहाच्या चित्रांवरून होतें. पाणी जेथें कधींच आटत नाहीं, तेथील तळ मात्र होडींतूनच मोजावा लागतो.

पिकाच्या चित्रासही अशीच मर्यादा आहे. रोगट ताट फिकें दिसतें, तसेंच तहानलेलेंही. तेव्हां चित्रावरून कोणी नुकसानीचा निवाडा करूं लागल्यास, पाहणी करणारानें त्या फिक्या पट्ट्यांत उतरून ताट उपटून मूळ पाहावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. शेतकऱ्यानेंही पेरणीची तारीख व पावसाचे दिवस वहींत टिपून ठेवावे. चित्रांत तें उमटत नाहीं.