परक्या सरकारच्या दारात सामान्य माणूस

शेजाऱ्याने शेताचा बांध कोरला तर दिवाणी न्यायालयात जाता येते. सावकाराने गहाण दागिना बुडवला तर त्यालाही कोर्टात खेचता येते. परंतु दागिना घेऊन जाणाऱ्याच्या पाठीशी एखादे परके राज्यच उभे असेल, तर सामान्य माणसाने कोणाच्या दारात उभे राहावे? हा प्रश्न गोमंतकीयांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. डिसेंबर 1961 मध्ये येथील पोर्तुगीज राजवटीची अखेर जवळ आली, तेव्हा बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेत आमच्या लोकांनी तारण ठेवलेले सोने लिस्बनला हलविण्यात आले. ते सोने ना सालाझारचे होते, ना त्याच्या साम्राज्याचे. अडीनडीला घरच्या बाईने अंगावरून उतरवून दिलेले ते दागिने होते.

भारत आणि पोर्तुगाल यांच्यातील करार 1974 च्या अखेरीस झाला. सोने मात्र परतले ते 1991 साली, आणि तेही दोन देशांच्या वाटाघाटींतून. मधल्या तीस वर्षांत दागिना परत अंगावर घालण्याची वाट पाहत किती जणींनी डोळे मिटले असतील, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

एका सार्वभौम राज्याला दुसऱ्या राज्याच्या न्यायासनापुढे उभे करू नये, हा आंतरराष्ट्रीय व्यवहारातील जुना संकेत आहे. त्यामागे तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. उठसूट परराष्ट्रांवर दावे होऊ लागले तर राजदूतावासांचे कामच थांबेल, आणि उद्या आपल्या देशालाही परदेशांत तसेच खेचले जाईल. परंतु राज्यकारभारासाठी दिलेले हे कवच दुसऱ्याची चीजवस्तू दडपून ठेवण्यासाठी वापरले जाऊ लागले, तर त्याला संकेत न म्हणता अन्याय म्हटले पाहिजे.

जगात हे कवच भेदले गेल्याची उदाहरणे आहेत. नाझींनी 1938 मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर ब्लॉख-बाऊर या ज्यू कुटुंबाची क्लिम्टने काढलेली चित्रे हिरावली गेली आणि पुढे ती व्हिएन्नाच्या सरकारी संग्रहालयात राहिली. त्या घरची पुतणी मारिया आल्टमन हिने ती परत मागितली. ऑस्ट्रियातील कोर्ट फी दाव्याच्या किमतीनुसार आकारली जात असल्याने ती आवाक्याबाहेर गेली. तेव्हा तिने अमेरिकेत फिर्याद लावली. तेथील 1976 च्या कायद्यात, आंतरराष्ट्रीय कायदा मोडून घेतलेल्या मालमत्तेपुरता काही अटींवर अपवाद आहे. तो जुन्या घटनांनाही लागू होतो, असा निर्णय 2004 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. 2006 मध्ये लवादाने पाच चित्रे तिला देवविली. तेव्हा ती नव्वदीच्या उंबरठ्यावर होती. हे दार फार रुंद आहे असे मात्र नव्हे. राज्याने स्वतःच्याच नागरिकांची मालमत्ता हिरावली असेल तर हा अपवाद लागू नाही, असे त्याच न्यायालयाने 2021 मध्ये ठरविले.

आणि आपल्याकडे? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 86 व्या कलमानुसार केंद्र सरकारच्या लेखी संमतीवाचून परराष्ट्रावर दावा चालत नाही. संमती केव्हा द्यावी याची यादी त्याच कलमात आहे: त्या राष्ट्राने स्वतः अर्जदारावर दावा लावला असेल, न्यायालयाच्या हद्दीत ते व्यापार करीत असेल, तेथील स्थावर मालमत्ता त्याच्या ताब्यात असून दावा तिच्यासंबंधी असेल, किंवा त्याने आपला विशेषाधिकार सोडला असेल. बळाने वा सत्तेच्या आश्रयाने नेलेल्या जंगम वस्तूचे नावही त्या यादीत नाही! गोमंतकातील गृहिणीच्या पाटल्या या चारही कप्प्यांत बसत नाहीत.

संमती नाकारण्यापूर्वी अर्जदाराचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे हेच कलम सांगते. ही संमती म्हणजे मर्जीचा मामला नव्हे, तिच्यामागे कारणे हवीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही 1986 मध्ये बजावले आहे. आमचे म्हणणे एक पाऊल पुढचे आहे. हिरावलेल्या खासगी मालमत्तेचा पाचवा कप्पा संसदेने या यादीत जोडावा. जेथे न्यायालयाचा हात पोहोचत नाही, तेथे नागरिकांच्या पावत्या आणि दस्तऐवज गोळा करून सरकारने स्वतः वकीलपत्र घ्यावे आणि वाटाघाटींच्या मेजावर तो विषय पहिल्याच बैठकीत मांडावा, तीस वर्षांनी नव्हे.

नागरिकाला परराष्ट्राशी भांडण्यापासून जे सरकार अडवते, त्याने त्याच्या वतीने भांडण्याची जबाबदारीही उचलली पाहिजे. दार बंद करायचे आणि आतून हाकेला ओही द्यायची नाही, हे लोकशाहीला शोभत नाही.