खुब्याची भूल आणि विळ्याच्या पेशी

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया म्हटली की साठी ओलांडलेला, सांधे झिजलेला रुग्ण डोळ्यांसमोर येतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलजिल्ह्यांत मात्र ही वेळ ऐन तिशीतल्या माणसावरही येते आणि तिचे कारण झिजेत नसून रक्तात असते. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. एवढ्याशा फरकामुळे प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी ताठर होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या मुळातच मोजक्या असल्यामुळे त्या तुंबल्या की माथा मरतो आणि पुढे खचतो. वैद्यक याला ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणते.

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांनी दाखवून दिला. विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे नागपूरच्या आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे टिपण, दोन पानांच्या या मजकुराचे वैदर्भीय वैद्यकावरील ऋण अजून कोणी नीट मोजलेले नाही. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने सुरुवातीच्या काळातच या आजाराचे सर्वेक्षण हाती घेतले, तेव्हा लोकांच्या लेखी तो त्यांचा अग्रक्रम नव्हता, हे बंग यांनीच प्रांजळपणे सांगितले आहे.

आता भुलीचा प्रश्न. भूलशास्त्रातील जुना वाद असा की खुब्यासाठी कमरेत सुई देऊन फक्त खालचे अंग बधिर करावे की रुग्णाला पूर्ण झोपवावे. कमरेतल्या सुईचा मान १८९८ मध्ये कील येथे ती पद्धत वापरणाऱ्या ऑगस्ट बीअर यांच्याकडे जातो. शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या या वादात २०२१ च्या ‘रीगेन’ चाचणीने खुबा मोडलेल्या १६०० वृद्धांची तुलना केली आणि साठ दिवसांनंतर जिवंत असण्यात व चालता येण्यात कमरेतली सुई वरचढ ठरली नाही. हे रुग्ण मोडलेल्या हाडाचे होते, ठरवून सांधा बदलून घेणारे नव्हते, हे खरे. तरीही वादाचा बराचसा आवेश निष्फळ होता, असे म्हणण्यास हरकत नाही. डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी नव्वदीच्या दशकात मांडलेला त्वरित पुनर्लाभाचा विचार अधिक फलदायी ठरला, कारण त्याने एकाच युक्तीवर भिस्त न ठेवता उपवास, वेदना, थंडी, मळमळ आणि अंथरुणावर पडून राहणे या सगळ्यांकडे एकत्र पाहिले.

हे सारे सिकलसेलच्या रुग्णाला लागू केले की बारीक वाटणाऱ्या बाबी मोठ्या होतात. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न देण्याची जुनी रीत इतरांना केवळ त्रासदायक असते, पण सिकलसेलमध्ये कोरडे पडलेले शरीर पेशी वाकवण्यास हातभार लावते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दोन तासांपर्यंत साधे पाणी पिऊ देणे आणि त्यानंतर सलाइन चालू ठेवणे येथे सोय न राहता उपचार ठरतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत रक्त अडवण्यासाठी मांडीला आवळून बांधायचा पट्टा खुब्यासाठी लागत नाही, ही त्यातल्या त्यात निसर्गाची मेहेरबानी. रक्त आधी द्यावे की नाही, या प्रश्नावर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘टॅप्स’ चाचणी बोलकी आहे: रक्त न दिलेल्या ३३ रुग्णांपैकी १३ जणांत, तर दिलेल्या ३४ पैकी ५ जणांत गुंतागुंत झाली आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. गंभीर घटनांमध्ये बहुतांश वाटा ‘ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम’चा होता, म्हणजे विळ्याच्या पेशींनी फुप्फुसच तुंबवण्याचा.

या फुप्फुसासाठी सर्वांत रोचक पुरावा एका स्वस्त खेळण्यासारख्या वस्तूचा आहे. नळीतून खोल श्वास ओढून प्लॅस्टिकचे गोळे वर उचलायचे ते उपकरण बहुतेक वॉर्डांत धूळ खात पडलेले दिसते. १९९५ मध्ये अमेरिकेत छाती किंवा पाठीच्या दुखण्याने दाखल झालेल्या सिकलसेलच्या मुला-तरुणांना जागेपणी दर दोन तासांनी असे दहा श्वास घ्यायला लावले, तेव्हा फुप्फुसाची गुंतागुंत १९ प्रसंगांपैकी एकात आढळली. तसे न केलेल्या गटात ती १९ पैकी आठांत होती. अभ्यास शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा नव्हता, पण तत्त्व तेच आहे: दुखते म्हणून माणूस श्वास उथळ घेतो, दुखणे घालवायला अफूजन्य औषध जास्त दिले तर श्वास मंदावतो. या कोंडीतून वाट काढण्यासाठी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे नियमित देणे आणि जांघेजवळ स्नायूंच्या वेष्टनाखाली बधिर करणारे औषध सोडणे, म्हणजे ‘फॅशिया इलियाका ब्लॉक’, हा मार्ग उपयोगी पडतो. कमरेतल्या सुईचे औषधही मोजके ठेवले तर पायांत बळ लवकर परतते आणि रुग्णाला त्याच दिवशी उभे करता येते.

मात्र लवकर उठवणे आणि लवकर घरी पाठवणे यांत गल्लत होते. फुप्फुसाचा तो धोका बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोके वर काढतो आणि पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील भामरागड जगापासून तुटते, त्यामुळे त्याच दिवशी घरी जाण्याचा पाश्चात्त्य आदर्श या मुलखात उसना आणण्यात शहाणपण नाही. याच दुर्गम भागातील वैद्यकाचा इतिहास लिहिताना २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पाची आठवण निघते, पण तेथील डॉ. प्रकाश आमटे यांच्या शस्त्रक्रियांच्या कौतुकात डॉ. मंदाकिनी आमटे यांचे शिक्षण भूलशास्त्राचे होते ही गोष्ट वाचकांच्या लक्षात क्वचितच राहते. खुबारोपणाशी हेमलकशाचे नाव जोडण्याचे कारण नाही. पण वीज नसलेल्या जंगलात शल्यचिकित्सकासोबत भूलतज्ज्ञही गेली होती, हा योग साधा नव्हता.

खुबारोपण तातडीचे नसल्यामुळे तारीख निवडता येते. पावसाळ्यात रस्ते बंद आणि रोवणीची घाई, मार्चपासून मोहफुले, मेच्या सुमारास तेंदूपत्ता; नव्या सांध्याला उकिडवे बसणे बराच काळ वर्ज्य असल्याने ही सगळी कामे रुग्णाची अडतात. उरतात ते धानकापणी आटोपल्यानंतरचे महिने, आणि नेमकी तेव्हाच थंडी पडते, जी सिकलसेलला मुळीच मानवत नाही. म्हणून सलाइन कोमट करणे, अंगावर गरम हवेचे पांघरूण घालणे आणि शस्त्रक्रियागृहातील एसीचा आकडा चढा ठेवणे, हे भूलतज्ज्ञाने टेबलावर रुग्ण घेण्याआधीच पाहून ठेवायचे असते.