हरिप्रियाचं शेवटचं स्टेशन

तिरुपतीहून सुटणाऱ्या हरिप्रिया एक्स्प्रेसमध्ये दोन जातीचे प्रवासी भेटतात. एक तिरुपतीलाच बसलेले. मुंडण केलेली डोकी, मांडीवर लाडवांची पिशवी आणि गाडी हलली की लगेच उघडणारे डबे. दुसरे मध्ये होसपेटला चढतात. हंपीच्या लाल मातीने पाय रंगलेले, पाठीवर भलीमोठी सॅक, सोबतीला कुणी नाही. गदग, हुबळी, बेळगाव मागे टाकत गाडी मिरजेहून पश्चिमेला वळते, तोवर या दोन्ही मंडळींनी एकमेकांचे चिवडे संपवलेले असतात. आणि उतरायचं दोघांनाही एकाच ठिकाणी असतं, कारण पुढे रूळच नाहीत.

यात्रेकरूंचा हिशेब जुना आहे. बालाजीचं दर्शन झालं, तरी कोल्हापूरच्या अंबाबाईला गेल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं मानतात. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, तरी विष्णूने त्यांना काहीच केलं नाही. लक्ष्मी रुसली ती थेट करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, येऊन राहिली, अशी कथा सांगतात. आजही नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो. रुसवा अजून गेला नसावा.

पाठपिशवीवाल्यांकडे अशी कथा नाही, पण त्यांचा मूळपुरुष याच गावाशी बांधलेला आहे. दत्त महाराज रोज काशीला स्नान करतात, कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि माहूरला झोपतात, ही श्रद्धा घरोघर आहे. कोल्हापुरात दत्त भिक्षालिंग नावाचं स्थानही आहे. सामान नाही, आरक्षण नाही, मुक्काम रोज नवा. एकट्याने भटकणाऱ्याने यापेक्षा मोठा आदर्श शोधू नये. आणि इतक्या मोठ्या फेरीत जेवायला त्यांनी कोल्हापूर निवडलं, यातही जाणकारी दिसते.

दक्षिणेत लांबलचक भटकंती करून परतताना मी शेवटचं शहर म्हणून कोल्हापूर ठरवलं, ते मात्र नकाशा बघून. बहुतेक जण असा प्रवास मुंबई किंवा बंगळूरच्या विमानतळावर संपवतात, म्हणजे संपवतही नाहीत, तो नुसता तुटतो. शेवटच्या शहरात बघायचं थोडं आणि बसायचं जास्त असावं, असं माझं मत आहे. देवळं, किल्ले, लेणी बघून डोळे शिणलेले असतात. तेव्हा हवं असतं ते ओळखीचं जेवण, धुवायला टाकायचे कपडे आणि आपल्याला प्रश्न विचारणारी माणसं. प्रश्नांच्या बाबतीत कोल्हापूर कुणाला उपाशी ठेवत नाही.

मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला. 1888 मध्ये त्याची पायाभरणी झाली, तेव्हा शाहू महाराज अजून शाळकरी वयाचे होते. 1891 मध्ये गाडी धावू लागली. तेव्हापासून आजवर हा फाटा कोल्हापुरातच संपतो. वैभववाडीपर्यंत नेऊन तो कोकण रेल्वेला जोडायचा, ही चर्चा लोक वर्षानुवर्षं ऐकताहेत. स्टेशनाला आता शाहू महाराजांचंच नाव आहे. गोंदियाहून निघून अख्खा महाराष्ट्र आडवा-उभा तुडवणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस इथेच येऊन टेकते. विदर्भ-खानदेश भटकून येणाऱ्यालाही म्हणजे शेवटचं गाव हेच.

कोल्हापूर यायच्या थोडं आधी वळिवडे लागतं. खिडकीतून दिसतं ते कुठलंही साधं स्टेशन. पण 1943 ते 1948 या काळात इथे पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे धाडलं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ती हिंदुस्थानात पोचली. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, नाटकंही होत. युद्धानंतर ही माणसं इंग्लंड आणि इतर देशांत पांगली, आणि रिकाम्या जागेत फाळणीने बेघर झालेले सिंधी लोक आले. आजचं गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ, ती हीच. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेलं स्मारक आहे आणि तिकडे वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं. हौसेने सॅक पाठीवर टाकणाऱ्याने या स्टेशनावर आपल्या कष्टांच्या गोष्टी जरा आवरत्या घ्याव्यात.

राहण्याची सोय शाहूपुरीत, स्टेशनालगत होते. अंबाबाईच्या देवळाभोवती यात्री निवास आणि भक्त निवास आहेत. एकट्या बाईला खोली द्यायला काही ठिकाणी अजून का-कू करतात, तेव्हा दिवसाउजेडी पोचलेलं बरं. ही का-कू इथे जास्त टोचते, कारण परगावच्या पोरांना डोक्यावर छप्पर द्यायचं काम या शहराने फार आधी केलं आहे. 1901 मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. दसरा चौकात उभं राहिलं की आजूबाजूला या बोर्डिंगांच्या पाट्या दिसतात. याच शहरात अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि ते गल्ल्यावर बसले असताना स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेतला. राजा पितोय म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींनाही प्यावाच लागला. रस्त्यावरच्या चहाला इतकं वजन दुसऱ्या कुठल्या शहरात आलेलं मला ठाऊक नाही.

अंबाबाईचं दर्शन दिवाळीच्या गर्दीनंतर घ्यावं आणि जमलं तर 9, 10 व 11 नोव्हेंबर हे दिवस धरावेत. या तीन दिवसांत किरणोत्सव असतो. देवी पश्चिमाभिमुख आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरून लांबलचक मंडप ओलांडत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. पुन्हा हाच सोहळा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला. दोनदा का, तर सूर्य डिसेंबरच्या 21-22 तारखेपर्यंत दक्षिणेकडे सरकतो आणि मग उलटा फिरतो. त्या दिवसाच्या साधारण सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर तो मावळताना क्षितिजावर एकाच जागी असतो. ज्याने हे देऊळ आखलं त्याला हे पक्कं माहीत होतं. पुढच्या पिढ्यांना तितकंसं नसावं, कारण महाद्वार रोडवरच्या इमारती वाटेत येतात म्हणून दरवर्षी तक्रार होते. ढग, धूळ, आर्द्रता यांचीही भर पडते. किरणं कधी गुडघ्यापर्यंत येऊन विझतात आणि माणसं हळहळत, पण उद्याचा अंदाज बांधत बाहेर पडतात.

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जावं. इथे बाटलीतलं किंवा कढईतलं दूध मिळत नाही, म्हशीच रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. गवळी तुमच्यादेखत आचळ धुतो आणि धार काढतो. भांड्यावर आधी पत्र्याचा खणखणीत आवाज येतो; दूध चढेल तसा तो बसत जातो आणि वर फेस येतो. तो कोमट पेला एका दमात संपवायचा. ओठांवर फेसाची मिशी राहते, ती पुसायची घाई इथे कुणी करत नाही. जवळच्या तालमीतली पोरं, खरेदीला आलेली कुटुंबं, रिक्षावाले, सगळे एकाच रांगेत. पाठीवरची सॅक बघून शेजारच्या मावशींनी विचारलं, "एकट्याच आलासा?" हा प्रश्न मला प्रत्येक राज्यात, प्रत्येक भाषेत भेटला होता. पुढचं वाक्य मात्र ठरलेलं नव्हतं. कुठे काळजी यायची, कुठे उपदेश. इथे आलं ते, "मग जेवलासा कुठं?"

जेवणाचं सांगायचं तर तांबडा-पांढरा. त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी फक्त एकट्या जेवणाऱ्याच्या सोयीचं सांगते. ताटात मटण मोजकं असतं, रस्सा मात्र मागाल तितका. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध घालून करतात, तो वाटीने प्यायचा, तांबडा भाकरीशी. लांबच्या प्रवासात पोट बिघडलेलं असेल तर पहिल्या दिवशी पांढऱ्यावरच थांबावं. मिसळीचं दुकान कुठलं चांगलं, हे रिक्षात विचारू नये. पोचायला उशीर होतो.

खासबाग मैदान रिकामं असलं तरी बघण्यासारखं आहे. 1902 मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, येताना रोमचं जुनं क्रीडागार पाहून आले आणि 1912 मध्ये हे कुस्तीचं मैदान पुरं झालं. मधे हौद, सभोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही पाठ कुणाची लागली ते दिसतं. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं. ज्या नटाचं नाव त्याला होतं, त्याची जयंती दुसऱ्याच दिवशी होती.

पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे आणि जुलै 2025 पासून तो जागतिक वारसा यादीतल्या बारा मराठा किल्ल्यांत मोडतो, म्हणून अर्धा दिवस द्यावा. रंकाळा तलावावर मात्र रोज जावं, काही न करण्यासाठी.

शेवटची खरेदी पायांची. प्रवासात बुटांचे तळ झिजलेले असतातच. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तिच्यासारखीच चप्पल दाखवली आणि मूळ गावाचं नाव घ्यायचं राहून गेलं, तेव्हा इथल्या कारागिरांनी ते जगाला घ्यायला लावलं. देवळाजवळच्या चप्पल लाइनीत कापशी चप्पल मागितली तर दुकानदार आधी तुमचा पाय बघतो. खरं चामडं सुरुवातीला चावतं, म्हणून ती नवी पायात घालून रात्रीच्या गाडीला पळू नये. एक दिवस आधी घ्यावी, आतून गोडं तेल लावावं आणि रंकाळ्यापर्यंत घालून बघावी.

गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतात, आणि शहराबाहेर पडलं की उकळत्या रसाचा वास रस्त्यावरच येतो. काहिलीतला रस आटला की गुळव्या त्याचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का ते बघतो, तेवढंच त्याचं यंत्र. तिथे ताजी काकवी मिळते, पण सॅकमध्ये ती सांडली तर सगळे कपडे चिकट होतात. एक किलोची गुळाची ढेप घ्यावी आणि ती सॅकच्या तळाशी, पाठीच्या बाजूला ठेवावी.