मेमरी कार्डवर ॲप हलवणे

मेमरी कार्डवर ॲप हलवणे ही अँड्रॉइड या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या स्मार्टफोनमधील एक सुविधा आहे. फोनच्या अंतर्गत साठवणीत बसवलेले ॲप किंवा त्याचा काही भाग मायक्रोएसडी कार्डवर नेऊन अंतर्गत जागा मोकळी करणे, हा तिचा उद्देश होय. ही सुविधा २०१० साली अँड्रॉइड २.२ (फ्रोयो) या आवृत्तीत प्रथम आली. २०१५ सालच्या अँड्रॉइड ६.० (मार्शमेलो) या आवृत्तीत तिच्या जोडीला अगदी वेगळ्या तत्त्वावरची दुसरी पद्धत आली. पहिल्या पद्धतीत ॲपचा केवळ काही भाग कार्डवर जातो, तर दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण कार्डच त्या फोनचा अविभाज्य भाग बनते. बोलण्यात दोन्हींना एकच नाव दिले जात असल्याने हा फरक अनेकदा लक्षात येत नाही. परिणामी अपेक्षेइतकी जागा मोकळी होत नाही आणि प्रसंगी कार्डवरील माहिती कायमची गमवावी लागते.

पार्श्वभूमी

मायक्रोएसडी हे १५ मिमी लांब, ११ मिमी रुंद आणि १ मिमी जाडीचे फ्लॅश मेमरी कार्ड आहे. सॅनडिस्क कंपनीने ते प्रथम ‘ट्रान्सफ्लॅश’ या नावाने बाजारात आणले. २००५ साली एसडी असोसिएशनने ते मानक म्हणून स्वीकारल्यावर त्याला सध्याचे नाव मिळाले. स्मार्टफोनच्या आरंभकाळात अंतर्गत साठवण महाग आणि अपुरी असे, त्यामुळे गाणी, छायाचित्रे व चित्रफिती ठेवण्यासाठी कार्डाचा वापर सर्रास होई. सिंबियन प्रणालीवर चालणाऱ्या नोकियाच्या अनेक फोनमध्ये ॲप बसवतानाच ते फोनमध्ये ठेवायचे की कार्डवर, असे विचारले जात असे.

अँड्रॉइडच्या पहिल्या आवृत्त्यांत हा पर्याय नव्हता. २००८ साली विक्रीस आलेल्या एचटीसी ड्रीम या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये अंतर्गत साठवण २५६ मेगाबाइट होती आणि तिचा मोठा भाग कार्यप्रणालीच व्यापत असे. २०१० सालच्या नेक्सस वन या फोनमध्ये अंतर्गत साठवण ५१२ मेगाबाइट होती, मात्र ॲप्ससाठी त्यातील २०० मेगाबाइटपेक्षाही कमी जागा उरे. याउलट त्याच्यासोबत मिळणारे कार्ड ४ गिगाबाइटचे होते. कार्ड रिकामे असूनही ॲपसाठी जागा नाही, अशी स्थिती त्यामुळे उद्भवत असे.

पहिली पद्धत : ॲपचे आंशिक स्थलांतर

अँड्रॉइड २.२ मध्ये ॲप कोठे बसवता येईल हे ठरवण्याचा अधिकार ॲपच्या निर्मात्याला देण्यात आला. ‘केवळ अंतर्गत’, ‘शक्यतो बाह्य’ आणि ‘आपोआप’ अशा तीन पर्यायांपैकी एक त्याला नोंदवता येतो. निर्मात्याने काहीच न नोंदवल्यास ॲप अंतर्गत साठवणीतच राहते. त्यामुळे सेटिंग्जमध्ये काही ॲप्ससमोर स्थलांतराचे बटण दिसते आणि काहींसमोर ते दिसत नाही.

या पद्धतीत ॲपची मुख्य फाइल कार्डवरील एका कूटबद्ध कोशात ठेवली जाते. तो कोश उघडणारी किल्ली यादृच्छिक असते आणि ज्या फोनवर ॲप बसवले त्याच फोनजवळ राहते. वापरकर्त्याची खाजगी माहिती, ॲपचे डेटाबेस आणि प्रोसेसरसाठी तयार केलेला कोड मात्र अंतर्गत साठवणीतच राहतो.

समजा, एखाद्या ॲपची मुख्य फाइल ६० मेगाबाइटची, तयार कोड ४० मेगाबाइटचा आणि साठलेली माहिती १०० मेगाबाइटची आहे. अशा वेळी सेटिंग्जमध्ये ॲपचा एकूण आकार २०० मेगाबाइट दिसला, तरी स्थलांतरानंतर केवळ ६० मेगाबाइटच मोकळे होतात. २०१४ सालच्या अँड्रॉइड ५.० मध्ये ॲप बसवतानाच त्याचा सर्व कोड प्रोसेसरसाठी तयार करून ठेवण्याची पद्धत आली. तिच्यामुळे फोनमध्येच राहणारा भाग वाढला आणि या स्थलांतराचा लाभ आणखी घटला.

या पद्धतीचा एक गुण मात्र उल्लेखनीय आहे. कार्ड हरवले किंवा खराब झाले, तरी ॲपची खाजगी माहिती फोनमध्ये राहते. गमावलेली मुख्य फाइल पुन्हा डाउनलोड करता येते.

मधला काळ

२०११ नंतर अनेक फोनमध्ये अंतर्गत साठवणीचाच एक भाग ‘बाह्य साठवण’ म्हणून दाखवला जाऊ लागला. अँड्रॉइडच्या परिभाषेत ‘बाह्य’ म्हणजे सर्व ॲप्सना सामायिक असलेली जागा. ती प्रत्यक्षात काढता येण्याजोग्या कार्डवरच असेल असे नाही. अशा फोनवर ॲप ‘बाह्य साठवणीत’ हलवले, तरी ते फोनमध्येच राही. मोठ्या खेळांच्या अतिरिक्त फाइल्सही याच सामायिक जागेत उतरवल्या जात.

२०१३ सालच्या अँड्रॉइड ४.४ मध्ये कार्डवर लिहिण्याच्या अधिकारावर मर्यादा आल्या. ॲपला कार्डवरील केवळ स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा राहिली. एका ॲपने दुसऱ्याच्या फाइल्स बदलू नयेत, हा या बदलाचा हेतू होता. अँड्रॉइड ५.० मध्ये वापरकर्त्याने स्पष्ट परवानगी दिल्यास इतर फोल्डर वापरण्याची सोय करण्यात आली.

भारतात या प्रश्नाला विशेष महत्त्व होते. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने अल्प किमतीच्या फोनसाठी अँड्रॉइड वन हा उपक्रम भारतातूनच सुरू केला. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांच्या पहिल्या तीन फोनमध्ये अंतर्गत साठवण ४ गिगाबाइट होती आणि ३२ गिगाबाइटपर्यंतच्या कार्डाची सोय होती. अशा फोनच्या वापरकर्त्यांसाठी कार्ड ही चैनीची नव्हे, तर गरजेची वस्तू होती.

दुसरी पद्धत : कार्डाचा अंगीकार

अँड्रॉइड ६.० मध्ये आलेल्या पद्धतीला ‘अडॉप्टेबल स्टोरेज’ म्हणतात. नवे कार्ड घातल्यावर फोन ते ‘पोर्टेबल स्टोरेज’ म्हणून वापरायचे की ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून, असे विचारतो. पहिला पर्याय निवडल्यास कार्ड नेहमीप्रमाणे संगणकात किंवा दुसऱ्या फोनमध्ये वाचता येते. दुसरा पर्याय निवडल्यास पुढील गोष्टी घडतात :

१. कार्डवरील आधीची सर्व माहिती पुसली जाते.
२. कार्ड अंतर्गत साठवणीसाठी वापरल्या जाणाऱ्या फाइल व्यवस्थेत नव्याने फॉरमॅट होते.
३. संपूर्ण विभाग कूटबद्ध केला जातो व त्याची किल्ली फोनच्या अंतर्गत साठवणीत ठेवली जाते.
४. निर्मात्याने मुभा दिलेली ॲप्स त्यांच्या कोड व खाजगी माहितीसह कार्डवर हलवता येतात. अशी नवी ॲप्स ज्या साठवणीत अधिक जागा असेल तेथे आपोआप बसवली जातात.

ॲपचे जवळजवळ सर्वस्व कार्डवर जात असल्याने या पद्धतीत मोकळी होणारी जागा बरीच अधिक असते. कार्ड काढून घेतल्यास त्यावरील ॲप्स चालत नाहीत. मात्र फोन त्यांची नोंद ठेवतो आणि तेच कार्ड परत घातल्यावर ती पूर्ववत होतात.

माहिती गमावण्याचा धोका

अंगीकृत कार्डाची किल्ली फक्त फोनमध्ये असते, ही या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. चोरीस गेलेले कार्ड दुसऱ्या कोणालाही वाचता येत नाही, हा तिचा लाभ होय. पण तीच बाब मालकालाही लागू होते. फोन पाण्यात पडून बंद पडला, त्याचा मुख्य बोर्ड बदलावा लागला किंवा तो फॅक्टरी रीसेट केला, तर किल्ली नष्ट होते. कार्ड सुस्थितीत असले, तरी त्यावरील छायाचित्रे व ॲपची माहिती पुन्हा वाचता येत नाही. सेटिंग्जमध्ये अंगीकृत कार्ड ‘विसरा’ असा आदेश दिल्यासही हाच परिणाम होतो.

पोर्टेबल कार्डाचे तसे नाही. फोन बिघडल्यास असे कार्ड काढून दुसऱ्या उपकरणात घातले की त्यावरील छायाचित्रे मिळतात. म्हणून अंगीकृत कार्ड ही माहितीची सुरक्षित प्रत मानता येत नाही. ते दोन ठिकाणी विभागलेल्या एकाच साठवणीचा अर्धा भाग असते आणि कोणताही एक भाग बिघडल्यास कार्डवरील माहिती निरुपयोगी ठरते.

वापरण्याची रीत

बटणांची नावे कंपनीनुसार बदलत असली, तरी क्रम साधारणतः सारखा असतो. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ या विभागात हवे ते ॲप निवडून ‘स्टोरेज’ उघडावे लागते. ‘बदला’ किंवा ‘एसडी कार्डवर हलवा’ असे बटण असल्यास त्यातून कार्ड निवडता येते. बटण नसल्यास त्या ॲपला किंवा त्या फोनला ही सुविधा लागू नसते. विकसकांसाठीच्या पर्यायांत निर्मात्याची मनाई डावलून कोणतेही ॲप बाह्य साठवणीत ठेवण्याची मुभा देणारी एक कळ असते. परंतु अशा प्रकारे हलवलेले ॲप नीट चालेलच असे नाही.

फोन बदलण्यापूर्वी, रीसेट करण्यापूर्वी किंवा अंगीकृत कार्ड कायमचे काढण्यापूर्वी त्यावरील ॲप्स व फाइल्स फोनमध्ये अथवा संगणकावर परत आणणे आवश्यक असते. त्यानंतर कार्ड पोर्टेबल म्हणून फॉरमॅट करता येते.

कार्डवर न ठेवण्याजोगी ॲप्स

फोन सुरू होताना कार्ड वापरासाठी सज्ज होण्यास थोडा अवधी लागतो. मधल्या काळात त्यावरील ॲप्स अस्तित्वात नसल्यासारखी असतात. म्हणून गजराची ॲप्स, कीबोर्ड, पडद्यावरील विजेट, हलते वॉलपेपर, खाती जुळवणारी आणि फोनचे प्रशासन करणारी ॲप्स कार्डवर ठेवू नयेत, अशी सूचना अँड्रॉइडच्या निर्मात्यांनी विकसकांना दिली होती. कार्ड निघाल्यास त्या ॲपने लावलेले गजर रद्द होतात. फोनसोबत येणारी मूळ ॲप्स कार्यप्रणालीच्या विभागात असल्याने ती हलवून जागा मिळत नाही.

कार्डाची निवड

छायाचित्रे साठवण्यास योग्य असलेले कार्ड ॲप चालवण्यास योग्य असेलच असे नाही. चित्रफीत साठवताना माहिती सलग लिहिली जाते, तर ॲप चालताना शेकडो लहान तुकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचावे व लिहावे लागतात. कार्डवरील ‘१०’ हा वर्ग केवळ सलग लेखनाचा किमान वेग, म्हणजे सेकंदाला १० मेगाबाइट, दर्शवतो. विखुरलेल्या वाचन-लेखनासाठी एसडी असोसिएशनने २०१६ साली ए१ आणि २०१७ साली ए२ हे वर्ग ठरवले.

ए१ वर्गाच्या कार्डाने सेकंदाला किमान १५०० वाचनक्रिया व ५०० लेखनक्रिया करणे अपेक्षित असते. ए२ वर्गासाठी हे आकडे अनुक्रमे ४००० व २००० आहेत. मात्र ए२ कार्डाचा पूर्ण वेग मिळण्यासाठी फोननेही त्या मानकास अनुरूप असावे लागते. मंद कार्डवरील ॲप उघडण्यास वेळ लागतो, म्हणून अंगीकाराच्या वेळी फोन कार्डाचा वेग तपासतो आणि तो अपुरा असल्यास इशारा देतो.

फ्लॅश मेमरीचा प्रत्येक भाग ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. ॲप्स सतत लेखन करत असल्याने स्वस्त कार्ड लवकर निकामी होऊ शकते. बाजारात खोटी क्षमता दाखवणारी बनावट कार्डेही आढळतात. अशी कार्डे ठरावीक मर्यादेपर्यंत नीट चालतात आणि त्यापुढे लिहिलेली माहिती नष्ट होते. त्यामुळे नवे कार्ड वापरण्यापूर्वी त्याची पूर्ण क्षमता संगणकावर तपासून घेणे हितावह ठरते.

इतर उपाय

अनेकदा जागा ॲप्सपेक्षा त्यांनी साठवलेल्या मजकुराने अधिक व्यापलेली असते. कॅमेऱ्याची छायाचित्रे थेट पोर्टेबल कार्डवर साठवणे, गूगल मॅप्समधील ऑफलाइन नकाशे कार्डवर ठेवणे, संदेशांतून आलेल्या चित्रफिती वेळोवेळी काढून टाकणे आणि ॲपची कॅशे रिकामी करणे या उपायांनी ॲप न हलवताही जागा मिळते. कॅशे पुसल्याने वापरकर्त्याची माहिती जात नाही. ‘डेटा पुसा’ हा पर्याय मात्र ॲपमधील नोंदी व लॉगिनही काढून टाकतो.

ॲप संग्रहित करणे हा तुलनेने नवा उपाय आहे. त्यात ॲपचा मोठा भाग काढला जातो, पण त्याचे चिन्ह व वापरकर्त्याची माहिती फोनमध्ये राहते. चिन्हावर टिचकी दिल्यास ॲप पुन्हा डाउनलोड होते. गूगल प्लेने २०२३ साली हे आपोआप करण्याची सोय दिली आणि २०२४ सालच्या अँड्रॉइड १५ मध्ये ती कार्यप्रणालीचाच भाग झाली. आयफोनमध्ये कार्डाची सोय नसल्याने ॲपलने २०१७ साली आयओएस ११ मध्ये न वापरलेली ॲप्स याच प्रकारे उतरवण्याची व्यवस्था केली होती.

सद्यस्थिती

सर्व उत्पादकांनी कार्डाचा अंगीकार स्वीकारला नाही. २०१६ साली सॅमसंगने गॅलक्सी एस७ आणि एलजीने जी५ या फोनमध्ये कार्डाची खाच दिली, परंतु ही सुविधा बंद ठेवली. पुढे आलेले फाइलनिहाय कूटबद्धीकरण आणि अंगीकृत कार्ड यांचा मेळ अँड्रॉइड ९ पूर्वी बसत नव्हता, हेही तिच्या मर्यादित प्रसाराचे एक कारण होय. २०२१ सालच्या गॅलक्सी एस२१ मालिकेतून कार्डाची खाचच वगळण्यात आली, तर गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये ती पहिल्यापासूनच नाही.

फोनमधील साठवण वाढत गेल्याने ॲप हलवण्याची निकड पूर्वीइतकी राहिलेली नाही. अल्प किमतीच्या व जुन्या फोनमध्ये मात्र कार्डाची खाच अद्याप आढळते. अशा फोनवर कार्ड अंगीकृत करायचे की पोर्टेबल ठेवायचे, ही निवड म्हणजे अधिक ॲप्ससाठी जागा आणि फोन बिघडल्यावरही वाचता येणारी माहिती, यांपैकी एकाची निवड असते.