लोणी गेले, माणसेही गेली

आयर्लंडच्या दक्षिणेला ली नदीकाठी वसलेले कॉर्क पाहायला सुरुवात करावी ती शॅन्डनच्या टेकडीवरून. तिथल्या सेंट अ‍ॅन चर्चच्या मनोऱ्यात पाहुण्यांना स्वतः दोर ओढून घंटा वाजवता येतात. पण त्याहून मोलाचे आहे ते शेजारचे लोण्याचे संग्रहालय. 1770 मध्ये इथे लोण्याची बाजारपेठ उभी राहिली आणि एकोणिसाव्या शतकात ती जगातली सर्वांत मोठी ठरली. आसपासच्या खेड्यांतून खारवलेल्या लोण्याची लाकडी पिंपे येत. परीक्षक प्रत्येक पिंपातले लोणी तपासून त्याची प्रत ठरवत आणि मगच ते जहाजावर चढे. दलदलीत पुरलेले, सुमारे हजार वर्षांपूर्वीचे लोणीही या संग्रहालयात आहे.

या वैभवाची दुसरी बाजू कळते ती कोव्हमध्ये. कॉर्कहून लोकल गाडी अर्ध्या तासाच्या आत या बंदरात पोचते. 1845 पासून बटाट्याचे पीक कुजले आणि सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराईने मेली. त्या वर्षांतही कॉर्कचे लोणी परदेशी जातच होते. पुढच्या शंभर वर्षांत एकट्या कोव्हमधून पंचवीस लाखांवर माणसांनी देश सोडला. जुन्या रेल्वे स्थानकातले संग्रहालय त्यांचीच कहाणी सांगते. बाहेर अ‍ॅनी मूर आणि तिच्या दोन भावांचा पुतळा आहे. 1 जानेवारी 1892 रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नोंद झालेली ती पहिली स्थलांतरित. ‘टायटॅनिक’चा शेवटचा थांबाही हेच बंदर. इथे चढलेल्या 123 प्रवाशांपैकी बहुतेक तिसऱ्या वर्गाचे होते, हे मला फार बोलके वाटते. समोरच्या स्पाइक बेटावरचा तुरुंग 1847 मध्ये, ऐन दुष्काळात सुरू झाला. तिथे जायला बोट मिळते.

भारतीय वाचकाने फिट्झजेराल्ड पार्कमधले सार्वजनिक संग्रहालय चुकवू नये. कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी यांच्या आठवणी तिथे जपल्या आहेत. ब्रिटिशांच्या कैदेत 74 दिवसांच्या उपोषणानंतर 25 ऑक्टोबर 1920 रोजी लंडनमध्ये त्यांनी प्राण सोडला. 1929 मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतीन दास 63 दिवसांच्या उपोषणाने गेले, तेव्हा मॅकस्विनी कुटुंबाने शोकसंदेश पाठवला होता. कॉर्कच्या विद्यापीठाचाही आपल्याशी एक धागा आहे. तिथले गणिताचे पहिले प्राध्यापक जॉर्ज बूल. त्यांची पत्नी मेरी ही भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी.

इंग्लिश मार्केट 1788 चे, पोटपूजेसाठी उत्तम. गर्दी मात्र जवळच्या ब्लार्नी किल्ल्यावर होते, कारण तिथल्या दगडाचे चुंबन घेतले की वाक्चातुर्य लाभते अशी समजूत आहे. किल्ला देखणा आहे, बागाही सुंदर. तरी हाताशी एकच दिवस असेल तर ब्लार्नी सोडा आणि सकाळच्या गाडीने कोव्ह गाठा.