समुद्राचे पाणी, मीठ आणि सोडियम

समुद्राचे पाणी हे मिश्रण, त्यातले मीठ हे संयुग आणि मिठातले सोडियम व क्लोरीन ही मूलद्रव्ये. शाळेत या तिघांच्या व्याख्या वेगवेगळ्या पाठ करून घेतात. पेण-उरणकडच्या मिठागरात मात्र तिन्ही एकाच वाफ्यात असतात.

मूलद्रव्यात एकाच प्रकारचे अणू असतात. रासायनिक क्रियेने त्याचे आणखी साधे पदार्थ होत नाहीत. आज अशी ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८९ मध्ये ३३ मूलद्रव्यांची यादी छापली, तीत प्रकाश, उष्णता आणि चक्क चुनाही होता. चुना फोडण्याचे साधनच तेव्हा कोणाकडे नव्हते. पुढे १८०८ मध्ये डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने विजेच्या साहाय्याने त्यातला कॅल्शियम वेगळा काढला आणि चुना संयुगांत जमा झाला.

संयुगात घटकांचे प्रमाण ठरलेले असते. २३ ग्रॅम सोडियमशी ३५.५ ग्रॅम क्लोरीनचाच संयोग होतो. सोडियम जास्त घेतले तर ते तसेच उरते. शिवाय घटकांचे मूळ गुण संयुगात राहत नाहीत. सोडियम हा सुरीने कापता येईल असा मऊ धातू, पण पाण्यात पडताच भडकतो. क्लोरीन हा पिवळट हिरवा विषारी वायू. दोहोंचा संयोग होऊन मीठ झाले की मात्र ते ताटात डावीकडे वाढले जाते.

मिश्रणाला असे बंधन नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, बाल्टिक समुद्रात त्याहून पुष्कळ कमी, मृत समुद्रात कितीतरी पट जास्त. घटक आपापले गुणही राखून असतात, म्हणून तर ते पाणी खारट लागते. आणि ते वेगळे करायला ऊन-वारा पुरतो. मिठातून सोडियम काढायचे तर मीठ वितळवून (शुद्ध मिठाला त्यासाठी ८०१ अंश सेल्सिअस लागतात) त्यातून वीज सोडावी लागते.

नुसते पाहून मात्र फसगत होते. गाळलेले समुद्राचे पाणी, हवा, पितळ, बावीस कॅरेटचे सोने हे सगळे एकजिनसी दिसते, तरी ती मिश्रणेच आहेत. त्यांना समांगी म्हणतात. दूधही एकजिनसी वाटते, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यात स्निग्धाचे थेंब तरंगताना दिसतात, म्हणून ते विषमांगी.

मिठागरात पाणी आटू लागले की आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम तळाशी बसतात. पाणी मूळच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले की मिठाचे स्फटिक धरू लागतात. मागे उरलेल्या कडू पाण्यात मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि त्यांतले थोडे मिठाच्या खड्यांना चिकटून येतात. म्हणजे बाजारातले खडेमीठ काटेकोरपणे पाहता मिश्रणच. पावसाळ्यात बरणीतल्या खडेमिठाला लवकर पाणी सुटते, ते मुख्यतः या क्षारांतल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे.