कुंडीतली जुनी माती : फेकावी की वापरावी?

कापडाच्या धंद्यात चिंधीलाही भाव येतो. मग एका पिकानंतर कुंडीतली माती का फेकावी? घरात मेथी, टोमॅटो घेऊन विकणाऱ्यांना दरवेळी नवी माती परवडत नाही. मात्र आधी जुनी मुळे पाहावीत. गाठी किंवा कूज दिसली तर त्या मातीचा मोह सोडावा. आम्ही सोडला नाही; टोमॅटोच्या रोगट मातीत वांगी लावली आणि रोपांसकट मेहनत गेली. दोन्ही पिके एकाच कुळातली, रोगही तेच.

निरोगी मातीतून भरपूर पाणी वाहू द्यावे, म्हणजे खतांचे साचलेले क्षार निघतात. मग ती ओलसर असतानाच पारदर्शक प्लास्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात 4 ते 6 आठवडे ठेवावी. शेवटी 3 भाग मातीला 1 भाग गांडूळखत. टोमॅटोच्या जागी आता मेथी टाकावी.